लाभ, दोन, तीन…

खळ्यावर धान्याची रास मोजायला बसलेला माणूस पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार असं करत रास संपते. मोजणी सुरू होतानाच मोजणाऱ्याने आपली इच्छा तिच्यात घालून ठेवलेली असते. त्याच खळ्यावरची दुसरी गोष्ट शिगेची. पायली भरून वरून हात फिरवला आणि माप सपाट केलं तर आत मावतं ते एक. काठाच्या वर राहील तेवढा ढीग चढू दिला, म्हणजे शीग धरली, तर मावतं ते निराळं. ‘उत्साह शिगेला पोहोचला’ असं आपण म्हणतो ती हीच शीग. पायली तीच, धान्य तेच, तोंडाने मोजलेला आकडाही तोच; घरी आलेलं धान्य मात्र कमीजास्त. म्हणून भाव ठरण्याआधी माप शिगेचं की सपाट, हे बोलून घेतलेलं बरं.

सॉफ्टवेअर मोजू पाहणाऱ्यांची गेल्या साठेक वर्षांची कहाणी या दोन अडचणींचीच आहे. शीग धरली की नाही हे न सांगता आकडे जाहीर होत राहिले, आणि पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायची हौस काही सुटली नाही.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने एक परिषद बोलावली. संगणक मोठे आणि वेगवान होत होते, पण त्यांच्यावर चालणारे प्रोग्रॅम वेळेवर तयार होत नव्हते, खर्च अंदाजाबाहेर जात होता आणि शेवटी हाती पडे त्यात चुका असत. परिषदेचं नाव मुद्दाम डिवचणारं ठेवलं होतं: ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’. पूल बांधणाऱ्याला पोलाद किती ताण सोसेल हे कोष्टकात बघता येतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे तसं काय आहे, असा त्या नावातच सवाल होता. तेव्हा फारसं काही नव्हतं. कोणती पद्धत चांगली, कोणती भाषा सोयीची, किती माणसं लावावीत, हे सगळं अनुभवी लोकांच्या मतावर चालायचं. मतं ठाम होती, पुरावे विरळ. प्रयोग, निरीक्षण आणि नोंदी यांच्या आधारे ते पुरावे गोळा करण्याचं शास्त्र तिथून पुढे हळूहळू उभं राहिलं.

उणे दोन हजार

सॉफ्टवेअरचं सगळ्यात जुनं माप म्हणजे कोडच्या ओळी. मोजायला सोपं, साहेबाला समजायला त्याहून सोपं. पण ओळ म्हणजे नेमकं काय? रिकाम्या ओळी धरायच्या का? पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहिलेल्या टिपा? नुसता एक कंस असलेली ओळ? यंत्राने आपोआप तयार केलेला कोड? एकाने ऐसपैस लिहिलेला आणि दुसऱ्याने गच्च लिहिलेला प्रोग्रॅम काम तेच करतो, ओळी मात्र वेगळ्या भरतात. ही झाली शीग. तिच्यासाठी नियम ठरवता येतात, आणि ते ठरलेही. खरी पंचाईत पुढची आहे. जास्त ओळी म्हणजे जास्त काम झालं, की काम आटोपशीर झालं नाही?

१९८२ च्या सुरुवातीला ॲपल कंपनीत ‘लिसा’ या संगणकाचं काम चालू असताना व्यवस्थापकांनी एक फॉर्म काढला. दर आठवड्याला प्रत्येकाने आपण किती ओळी लिहिल्या ते भरायचं. बिल ॲटकिन्सन या प्रोग्रॅमरने त्या आठवड्यात पडद्यावर वेड्यावाकड्या आकाराचे भाग काढणारा कोड नव्याने लिहिला होता. नवा कोड जवळपास सहापट वेगाने चालत होता, आणि त्या खटपटीत सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. ॲटकिन्सनने फॉर्मवर आकडा लिहिला: उणे २०००. त्याचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. काही आठवड्यांनी व्यवस्थापकांनी ॲटकिन्सनकडे फॉर्म मागणं सोडून दिलं.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना जे निरीक्षण नोंदवलं, ते इथे चपखल बसतं. आकड्याला लगाम म्हणून वापरायला सुरुवात केली, की त्या आकड्यातली माहिती आटू लागते. हिंजवडीतल्या कोणत्याही इमारतीत याचा पडताळा घेता येईल. टीमचा वेग ‘पॉइंट’मध्ये, म्हणजे काम किती मोठं याच्या आधी बांधलेल्या अंदाजात, मोजायचा ठरला आणि त्यावर शाबासकी मिळू लागली, की दोन-तीन महिन्यांत पाच पॉइंटचं काम आठ पॉइंटचं होतं. यात कुणी खोटं बोलत नाही. अंदाजच हळूहळू फुगतो. आलेखात वेग चढत जातो आणि रिलीजची तारीख होती तिथेच राहते.

ओळींना कंटाळलेल्यांनी जरा हुशार मापं शोधली. टॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये कोडमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा मोजायची रीत सुचवली. ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशा फाट्यांची संख्या वाढली की कोड समजायला आणि तपासायला अवघड, हा त्यामागचा विचार. पुढे अशी डझनावारी मापं आली, आणि त्यांचा चुकांशी संबंध दाखवणारे निबंधही आले. २००१ मध्ये खालिद एल इमाम आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातली एक मेख दाखवली. कोडच्या तुकड्याचा आकार हिशेबात घेतला, की त्यांनी तपासलेल्या मापांचा चुकांशी दिसणारा संबंध विरून जात होता. सासवडपेक्षा पुण्यात चोऱ्या जास्त होतात आणि अमृततुल्यंही जास्त आहेत; म्हणून चहामुळे चोऱ्या होतात असं कुणी म्हणत नाही. शहर मोठं, म्हणून दोन्ही जास्त. तसाच कोड मोठा, म्हणून त्यात फाटेही जास्त आणि चुकाही जास्त. नव्या झकपक मापाच्या आत पुष्कळदा जुन्या ओळीच बसलेल्या निघाल्या.

प्रश्न आधी

या गुंत्यातून सुटण्याची सगळ्यात शहाणी वाट नासाच्या एका प्रयोगशाळेतून निघाली. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात गोडार्ड अंतराळ केंद्र आहे. तिथे उपग्रहांच्या कामाला लागणारं सॉफ्टवेअर तयार होत असे. १९७६ मध्ये नासा, मेरीलँड विद्यापीठ आणि कंत्राटदार कंपनी यांनी मिळून तिथे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची प्रयोगशाळा सुरू केली. तिचे विद्यापीठाकडचे सूत्रधार होते व्हिक्टर बासिली. खऱ्या प्रोजेक्टवर काम करणारी खरी माणसं फॉर्म भरत: किती वेळ गेला, काय चुकलं, ते कुठल्या टप्प्यावर सापडलं, दुरुस्त करायला किती वेळ लागला. वर्षानुवर्षं हे करताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली. मिळेल ते मोजून ठेवायचं आणि नंतर त्यात अर्थ शोधायचा, ही उलटी रीत आहे.

१९८४ मध्ये बासिली आणि डेव्हिड वाइस यांनी सुलटी रीत मांडली. आधी उद्दिष्ट सांगा. मग त्यातून प्रश्न काढा. मग त्या प्रश्नाचं उत्तर देईल तेवढंच मोजा. समजा, उद्दिष्ट आहे की रिलीजनंतर ग्राहकाचा त्रास कमी व्हावा. प्रश्न निघतील: कोणत्या चुकांनी ग्राहक अडतो? त्या चुका कोणत्या टप्प्यावर शिरल्या? त्याआधी कुणाच्या नजरेस येण्याजोग्या होत्या का? इथवर आल्यावर कळतं की ‘एकूण बग किती’ हा आकडा यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

तो उत्तर का देत नाही, हे त्याच वर्षी आयबीएमच्या एडवर्ड ॲडम्स यांनी दाखवलं. त्यांनी कंपनीच्या मोठ्या प्रणालींमधल्या चुकांच्या नोंदी चाळल्या. जवळपास एक तृतीयांश चुका अशा होत्या, की त्यांतली एखादी प्रत्यक्ष अडथळा बनून समोर यायला सरासरी ५००० वर्षांचा वापर लागला असता. रोज छळणाऱ्या चुका फार थोड्या होत्या. ज्याने हजार चुका दुरुस्त केल्या त्याने ग्राहकाचं काहीच भलं केलेलं नसू शकतं, आणि ज्याने पाच केल्या त्याने सगळं केलेलं असू शकतं. चुका मोजताना सगळ्या पायल्या सारख्या नसतात.

नेमका प्रश्न हाताशी असला की प्रयोग कसा आखता येतो, याचा एक चांगला नमुना बासिली आणि रिचर्ड सेल्बी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्न होता: चुका शोधायला प्रोग्रॅम चालवून बघावा, की नुसता बसून वाचावा? ३२ व्यावसायिक प्रोग्रॅमर आणि ४२ विद्यार्थी घेतले. तीन पद्धती होत्या: कोड वाचणं, अपेक्षित कामाच्या यादीवरून तपासणं, आणि कोडची रचना बघून तिच्या प्रत्येक भागातून जाणाऱ्या चाचण्या रचणं. एका गटाला एक आणि दुसऱ्याला दुसरी पद्धत दिली असती, तर हुशार माणसं एका बाजूला पडली का, ही शंका उरली असती. म्हणून प्रत्येकाला तिन्ही पद्धती वापरायला लावल्या, वेगवेगळ्या प्रोग्रॅमवर आणि वेगवेगळ्या क्रमाने. माणसांतला फरक त्यामुळे तिन्ही पारड्यांत सारखाच पडला.

व्यावसायिकांनी वाचून सर्वांत जास्त चुका पकडल्या, आणि तासाला जास्त पकडल्या. शेवटी सगळ्यांना विचारलं, की एकूण चुकांपैकी तुम्हाला किती सापडल्या असं वाटतं? वाचणाऱ्यांचा अंदाज सत्याच्या सर्वांत जवळ होता. कामाच्या यादीवरून तपासणाऱ्यांचा सर्वांत दूर. आपल्याला काय वाटतं आणि काय घडलं, यांतलं अंतर मोजणारा हा प्रश्न लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो पुन्हा येणार आहे.

एकाला अठ्ठावीस

प्रोग्रॅमरच्या दुनियेत एक दंतकथा फिरत असते. उत्तम प्रोग्रॅमर सामान्य प्रोग्रॅमरच्या दहापट काम करतो. कुणी वीसपट म्हणतं, कुणी अठ्ठावीसपट. या अठ्ठावीसला जन्मदाखला आहे. हॅरोल्ड सॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये छापलेल्या अभ्यासात बीजगणिताच्या एका प्रोग्रॅममधल्या चुका काढायला सर्वांत मंद माणसाला १७० तास लागले होते आणि सर्वांत चपळ माणसाला ६. भागाकार केला, अठ्ठावीस आले.

पण तो अभ्यास माणसांची तुलना करण्यासाठी नव्हताच. तेव्हा संगणकावर काम करायच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे संगणकापुढे बसून लगेच उत्तर बघायचं. दुसरी म्हणजे काम गठ्ठ्यात टाकून निकालाची वाट बघायची. यांतली कोणती बरी, हे बघायला १२ अनुभवी प्रोग्रॅमर घेतले होते. अठ्ठावीसच्या भागाकारात या दोन्ही रीतींची माणसं एकत्र ओढली गेली. म्हणजे एकाचा सायकलवरचा वेळ आणि दुसऱ्याचा पायी चालण्याचा वेळ घेऊन त्यावरून पायांची ताकद काढली. शिवाय बारा माणसांतला पहिला आणि शेवटचा एवढेच दोघे घ्यायचे ही तुलनाच ठिसूळ. शेवटच्याला त्या आठवड्यात ताप आला असेल, तर तापाचाही गुणाकार होतो.

१९९९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह विद्यापीठात लुट्झ प्रेशेल्ट यांनी हा आकडा उकरून काढला. त्यांनी अनेक प्रयोगांतल्या कामाच्या वेळा एकत्र केल्या आणि टोकाची दोन माणसं सोडून सर्वांत मंद पाव गटाची सर्वांत चपळ पाव गटाशी तुलना केली. फरक साधारण दुपटी-तिपटीच्या आसपास निघाला. दुप्पट हा फरकही थोडा नाही. पगार ठरवताना, टीम उभारताना तो जाणवतो. पण त्यावर दंतकथा उभी राहत नाही. अठ्ठावीस मात्र अजून फिरतो आहे, कारण तो ऐकणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरला आपण सहा तासवाले आहोत अशी खात्री असते.

जोडीने की एकट्याने

चांगल्या प्रयोगाचं उत्तर पुष्कळदा गैरसोयीचं येतं: ‘परिस्थितीवर अवलंबून आहे.’ एका संगणकापुढे दोघांनी बसायचं, एकाने लिहायचं, दुसऱ्याने बघत राहायचं, अशी जोडीने काम करायची पद्धत या शतकाच्या सुरुवातीला जोरात होती. समर्थक म्हणत चुका कमी होतात. विरोधक म्हणत दोन पगार आणि काम एक. नॉर्वेतल्या एरिक आरिसहोल्म यांच्या गटाने २००७ मध्ये याचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन इथल्या २९ कंपन्यांतले २९५ व्यावसायिक पैसे देऊन बोलावले. ९९ जण एकटे, बाकीच्यांच्या ९८ जोड्या. काम होतं कॉफीच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये बदल करण्याचं. तो प्रोग्रॅम दोन रचनांत होता, एक सोपी आणि एक गुंतागुंतीची.

सरसकट बघितलं तर जोडीचा फायदा दिसला नाही. बरोबर काम करून द्यायला मनुष्यतास मात्र ८४ टक्के जास्त लागले. पण आकडे वेगळे करून बघितल्यावर चित्र बदललं. गुंतागुंतीच्या प्रोग्रॅमवर जोड्यांची बरोबर उत्तरं ४८ टक्क्यांनी जास्त होती. सोप्या प्रोग्रॅमवर वेळ २० टक्के वाचला, अचूकता तेवढीच राहिली. आणि अवघड कामावरचा मोठा फायदा नवख्यांच्या पदरात पडला होता. जोडी चांगली की वाईट, या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. नवख्या माणसाला अवघड काम देताना शेजारी कुणी बसवावं का, याला होतं.

पंधरा लाख नोंदींतल्या खोट्या पायल्या

दोनशे पंचाण्णव माणसं गोळा करणं महाग पडतं. गिटहबसारख्या ठिकाणी जगभरचा कोड, कुणी केव्हा काय बदललं त्याच्या नोंदींसह, उघडा पडू लागल्यावर संशोधकांना वाटलं, आता रासच्या रास मोजता येईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने २०१४ मध्ये तसं केलं. ७२९ प्रोजेक्ट, १७ भाषा, २९ हजार प्रोग्रॅमर आणि बदलांच्या १५ लाख नोंदी. प्रश्न जुना आणि भांडखोर होता: प्रोग्रॅम लिहायच्या भाषेवर चुका किती होतात हे ठरतं का? काही भाषांत चुका थोड्या कमी, काहींत थोड्या जास्त, असा निष्कर्ष निघाला. फरक लहान आहे हे लेखकांनी स्वतःच म्हटलं होतं. पण तो सांगोवांगी पसरला तेव्हा ‘लहान’ हा शब्द गळून पडला.

२०१९ मध्ये एमरी बर्गर, यान वितेक आणि सहकाऱ्यांनी तोच अभ्यास पुन्हा करायला घेतला आणि राशीत हात घालून बघितलं. टाइपस्क्रिप्ट ही भाषा ओळखायला फाइलच्या नावाचं शेपूट वापरलं होतं, ‘टीएस’. पण ‘क्यूट’ नावाच्या साधनात भाषांतराच्या फाइलींनाही हेच शेपूट असतं. म्हणजे बटणांवरच्या मजकुराची भाषांतरं टाइपस्क्रिप्टच्या खात्यात जमा झाली होती. टाइपस्क्रिप्ट जगासमोर आली ऑक्टोबर २०१२ मध्ये. नोंदींतल्या काही फाइली तिच्या जन्माआधीच्या निघाल्या.

त्याहून खोल घोटाळा चुकांच्या मोजणीत होता. पंधरा लाख नोंदी कोण वाचणार? म्हणून बदलाच्या टिपणात ‘बग’, ‘एरर’, ‘फिक्स’ असे शब्द आले की तो बदल चूक दुरुस्तीचा, असं धरलं होतं. पण ‘प्रीफिक्स’ आणि ‘इन्फिक्स’ या शब्दांतही ‘फिक्स’ आहेच. नव्या गटाने नमुन्यादाखल काही नोंदी माणसांकडून वाचून घेतल्या, तेव्हा दुरुस्ती म्हणून धरलेल्यांपैकी ३६ टक्के दुरुस्त्या नव्हत्याच. आणखी एक नाजूक गोष्ट होती. इतक्या भाषा एकदम तपासल्या, की एखाददुसरी नुसत्या योगायोगानेही वेगळी दिसणारच. पुरेशा लोकांनी नाणी उडवली तर कुणाला तरी सलग पाच छापे पडतात. ही सूटही हिशेबात धरायला हवी. सगळं निस्तरल्यावर मूळच्या अकरांपैकी चारच भाषांचा संबंध टिकला, आणि तोही अतिशय क्षीण. मूळ लेखकांनी या टीकेला लेखी उत्तर दिलं आणि वाद रंगला. तो रंगू शकला, कारण मूळ गटाची सामग्री दुसऱ्यांना हाताळता आली.

मोठ्या राशीचा मोह हा असा असतो. पंधरा लाख हा आकडा ऐकला की पायली फुटकी आहे का, हे बघायचं भान राहत नाही. छोट्या प्रयोगात माणूस प्रत्येक दाण्याकडे बघतो. मोठ्या राशीत शेपटावरून जात ठरते.

सोळा जण आणि एक विश्वास

आजचा सर्वांत गरम प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. तिच्या मदतीने प्रोग्रॅमरचं काम किती वेगाने होतं? २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि गिटहब यांच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर लिहायला दिला. काहींना कोपायलट हे साधन दिलं, काहींना नाही. साधनवाल्यांचं काम ५५.८ टक्के कमी वेळात झालं. साधन त्याच कंपन्यांचं होतं हे लक्षात ठेवावं. पण प्रयोगात चिठ्ठी टाकून गट पाडले होते, म्हणजे आखणी नीट होती.

जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेने दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. यातले १६ प्रोग्रॅमर मोठ्या, जुन्या, सर्वांसाठी खुल्या प्रोजेक्टवर सरासरी पाच वर्षं काम करत आलेले होते. काम नकली नव्हतं. त्यांनीच आपल्या प्रोजेक्टमधली २४६ खरी कामं काढून दिली. प्रत्येक कामासाठी जणू चिठ्ठी टाकली: यात कृत्रिम बुद्धिमत्ता चालेल, यात नाही. काम करताना पडद्याचं चित्रण होत होतं. सुरुवातीला त्यांना विचारलं, किती वेळ वाचेल? ते म्हणाले २४ टक्के. सगळं संपल्यावर पुन्हा विचारलं, किती वाचला असं वाटतं? ते म्हणाले २० टक्के. घड्याळाने सांगितलं, १९ टक्के जास्त लागला.

मापाड्याने पहिल्या पायलीला ‘लाभ’ म्हणावं हे समजतं. इथे अख्खी रास मोजून झाल्यावरही माणसं ‘लाभ’च म्हणत होती, आणि ही माणसं नवशिकी नव्हती. यंत्राने सुचवलेल्या कोडपैकी त्यांनी ४४ टक्क्यांहून कमी स्वीकारला. उरलेला वाचायचा, तपासायचा आणि टाकून द्यायचा. तो वेळ कुठे गेला हे बहुधा जाणवत नसावं. हात कमी चालले, डोक्यावरचा ताण हलका वाटला, म्हणून वेळही कमी गेला असं वाटलं, असा माझा तर्क. बसच्या थांब्यावर वीस मिनिटं उभं राहणं जीवघेणं वाटतं, आणि बसमध्ये बसून पाऊण तास गेला तर प्रवास झाला असं वाटतं.

मग खरं काय, ५५.८ टक्के फायदा की १९ टक्के तोटा? दोन्ही. पहिल्या प्रयोगात कोरी पाटी होती, काम छोटं होतं आणि ते बरोबर झालं की नाही हे चाचण्या ठरवत होत्या. दुसऱ्यात जुना वाडा होता आणि त्याचा कोनाकोपरा माहीत असलेली माणसं होती. त्यांना वाट दाखवणाऱ्याची गरज कमी आणि त्याच्या चुका निस्तरण्याची शक्यता जास्त. मेटरनेही आपला निष्कर्ष सगळ्या प्रोग्रॅमरना लागू होतो असा दावा केला नाही. साधनं बदलली की उत्तरही बदलू शकतं. मापं शिगेची की सपाट हे न विचारता कुणी या दोन आकड्यांची सरासरी काढली, तर तिच्यातून काहीच मिळणार नाही.

दुसरी पायली

‘का’ या प्रश्नापाशी घड्याळ थांबतं. म्हणून या शास्त्रात प्रयोगांबरोबर मुलाखती आहेत, टीमजवळ महिनोन्‌महिने बसून केलेली निरीक्षणं आहेत, एकाच प्रोजेक्टचा खोलवर घेतलेला वेध आहे. कधी उत्तर कोडमध्ये नसतंच. नाचियप्पन नागप्पन, ब्रेंडन मर्फी आणि बासिली यांनी २००८ मध्ये विंडोज व्हिस्टाचा कोणता भाग बिघडेल याचा अंदाज कशावरून चांगला बांधता येतो हे तपासलं. कोडच्या गुंतागुंतीपेक्षा माणसांच्या रचनेने सरस अंदाज दिला: त्या भागाला किती जणांचे हात लागले, त्यांतले किती नोकरी सोडून गेले, निर्णय घेणारे किती वर बसले आहेत. बग शोधायला निघालेल्यांना कंपनीचा तक्ता सापडला.

टॉम डीमार्को यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं, की जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही. ते वाक्य पुढे हजारो सादरीकरणांच्या पहिल्या पानावर जाऊन बसलं. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच एका लेखात त्यावर फेरविचार केला. ज्या प्रोजेक्टचं मोल खर्चाच्या जेमतेम वर आहे, तिथे पैनपैचा हिशेब लागतो. ज्याचं मोल खर्चाच्या पन्नासपट आहे, तिथे मोजमापात थोडी ढिलाई चालते. मग खरा प्रश्न असा, की आपण पहिल्या जातीचे प्रोजेक्ट हाती घेतो तरी का? सत्तावीस वर्षांनी आपल्याच गाजलेल्या वाक्याची दुसऱ्यांदा मोजणी करायला धारिष्ट्य लागतं.

सॅकमनचा अठ्ठावीस प्रेशेल्टने पुन्हा मोजला, डेव्हिसची रास बर्गर आणि वितेक यांनी पुन्हा मोजली, कोपायलटनंतर मेटरने वेगळ्या अंगणात मोजलं. दर वेळी आकडा लहान झाला, किंवा त्याला अटी चिकटल्या. यात निराश होण्यासारखं काही नाही, कारण रास मोजण्याची रीतच तशी आहे. पहिल्या मापाला कुणी काहीही म्हणो, ती ज्याची त्याची इच्छा. दुसरी पायली भरली की मात्र ‘दोन’च म्हणावं लागतं.